दोन साडू, एक सर्व्हर

एका ऑफिसात दोन साडू ठेवू नयेत, हे मालकीणबाईंना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. थोरला साडू काचेच्या खोलीत बसून क्लास लिहायचा, म्हणजे पडद्यामागचा सगळा कोड. धाकटा बाहेर बसून वेबपेज बांधायचा आणि पेजच्या स्क्रिप्टमधून त्या क्लासला हाक मारायचा. कोड एकमेकांशी बोलायचे, पण हे दोघे पाच महिने बोलत नव्हते.

सासऱ्यांच्या वाढदिवसाला थोरला चारचौघांत म्हणाला होता, "हा काय, नुसती पानं रंगवतो." झालं! तेव्हापासून धाकट्याच्या डोक्यात तिडीक. कामाचं काही असलं की थोरला घरी बायकोला सांगायचा, ती आपल्या धाकट्या बहिणीला फोन करायची आणि बहीण नवऱ्याला सांगायची. उत्तर त्याच वाटेने उलटं यायचं. मधे चार पावलं आणि एक काच, तरी ही वरात! लाज वाटायची म्हणून ऑफिसात दोघांनी याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

सोमवारी सकाळी डायलिसिस सेंटरचा फोन आला. चाळीस पेशंट येऊन बसलेत आणि कुणी कुठल्या मशीनवर जायचं ते पेज दाखवत नाही. स्क्रीनवर एकच ओळ होती : ऑब्जेक्ट तयार करता आला नाही. म्हणजे हाक मारूनही क्लास कामाला उभा राहत नव्हता.

मालकीणबाई बाहेर आल्या. "तीनपर्यंत पेज सुरू हवं. आणि ज्याची चूक निघेल तो उद्यापासून येणार नाही. नातीगोती मला सांगायची नाहीत."

वर्षभर घरी बसल्यावर धाकट्याला ही नोकरी मिळाली होती, तीही थोरल्याने शब्द टाकला म्हणून. तेच तर सगळ्यात जास्त खुपायचं. ही गेली तर सासरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

"माझ्याकडे क्लास व्यवस्थित चालतोय," काचेच्या दारातून थोरला मालकीणबाईंना म्हणाला. धाकट्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

चालणारच तुझ्याकडे, मेल्या, धाकटा मनात म्हणाला आणि कामाला लागला. क्लासची फाइल सर्व्हरवर होती. नाव बरोबर होतं. वेब सर्व्हरच्या खात्याला ती उघडायची परवानगी नसेल म्हणून तपासलं, तर तीही होती. सर्व्हर बंद करून चालू केला. तीच ओळ. गेल्या आठवड्याची जुनी प्रत घातली, तर पेज उघडलं, पण सेंटरच्या नव्या हॉलमधले पेशंट त्यात दिसेनात. पुन्हा नवी प्रत घातली. तिकडून सेंटरची बाई दर दहा मिनिटांनी फोन करून ओरडत होती. सेंटरवाले आता वहीत नावं लिहून पेशंट आत सोडत होते. जेवणाचा डबा तसाच पडला होता.

दोन वाजता त्याला सुचलं, त्या क्लासच्या पोटातच बघू. आणि सापडलं! ऑब्जेक्ट घडवताना पूर्वी क्लासच्या हातात फक्त सेंटरचा कोड द्यावा लागायचा. आता त्याला हॉलचा नंबरही हवा होता. धाकट्याची स्क्रिप्ट एकच गोष्ट देत होती, म्हणून क्लास दारातूनच हाकलत होता. त्याने हॉलचा नंबर जोडला. पेज उघडलं, दोन्ही हॉल दिसले. सेंटरच्या बाईने आभार न मानता फोन आपटला.

मग तो उठला. आज याला सोडायचाच नाही.

"बाई, यांनी क्लासच बदललाय," तो मोठ्याने म्हणाला. "मला एका शब्दाने सांगितलं नाही. मुद्दाम केलंय, मला घालवायला."

थोरला बाहेर आला. "शुक्रवारीच सांगितलंय."

"कुणाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"घरी. बायकोला. ती तिच्या बहिणीला सांगते, मग ती यांना."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे कामं अशी चालतात?"

"साफ खोटं!" धाकटा म्हणाला. "थांबा, आत्ताच्या आत्ता दाखवतो." त्याने बायकोला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "शुक्रवारी ताईने काही निरोप दिला होता?"

"दिला होता की. आता हॉलचा नंबरपण द्यायचा म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मुद्दामच नाही सांगितलं," ती म्हणाली. "भांडण तुमचं आणि जिभा आमच्या झिजतायत. ताई फोनवर रडते. पाच महिने मला पोस्टमन केलंय तुम्ही. म्हटलं, अडू दे एकदा, मग तरी बोलतील."

धाकट्याचे कान तापले.

"कामाचे निरोप तुमच्या साडूंनी घरून पाठवायचे नव्हते, ते त्यांच्याशी मी नंतर बोलेन," मालकीणबाई धाकट्याला म्हणाल्या. "पण आज पेज तुमचं बंद होतं. तुम्ही चार पावलं जाऊन 'काय बदललं?' एवढं विचारलं असतं, तर सकाळीच सुटलं असतं. चाळीस आजारी माणसं, आणि तुम्हाला अबोला सुचतो! उद्यापासून येऊ नका." आणि त्या आत गेल्या.

फोन अजून चालूच होता. धाकट्याने स्पीकर बंद करून तो कानाला लावला.

"ऐकलंस?"

"ऐकलं." ती म्हणाली. "एवढं होईल असं वाटलं नव्हतं रे."

"ताईला फोन कर. म्हणावं, त्यांना सांग बाईंकडे माझ्यासाठी एकदा शब्द टाकायला. बाई त्यांचं ऐकतात."

"भावोजी कुठे आहेत?"

"इथेच आहेत."

"मग तूच सांग," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

थोरला हलला नव्हता. धाकट्याने हात पुढे केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. तो धाकट्याकडेच बघत होता, पाच महिन्यांत पहिल्यांदा.

धाकट्याने फोन खिशात घातला आणि टेबलावरचा डबा उचलून तो जिना उतरला.