तडा न गेलेली चकती

डेटलेफने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर लोक त्याचं अभिनंदन करत होते.

डार्मश्टाट शहरातल्या त्या प्रयोगशाळेत ऑक्साइडची पूड दाबून चिनीमातीसारखी चकती करायची आणि भट्टीत भाजायची, तर अख्खा दिवस जायचा. भट्टीपाशी तो आणि त्याची सहकारी गुद्रुन, दोघंच. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुद्रुन लग्नाच्या भानगडीत पडलीच नव्हती. रिवाज असा, की ज्याची चकती तडकेल त्याने केक आणायचा. मग भट्टी निवेपर्यंत कॉफी, केक आणि जगभरच्या गप्पा. त्या गप्पांवरच बिचाऱ्याचा आठवडा निघायचा. मनातलं मात्र ओठांवर कधी आलं नाही. घाई काय होती?

आणि मग या शहाण्याने निळ्या दिव्यांचं यंत्र बनवलं. झगझगीत उजेड पाडला की काही सेकंदांत चकती भाजून तयार! पण एवढ्या घाईने तापल्यावर ती तडकायचीही पटापट. पहिल्याच सकाळी इतक्या तडकल्या, की गुद्रुन म्हणाली, "अहो, केक कसले आणताय, बेकरीच विकत घ्या आता."

घेतलीही असती त्याने. पण आधी मंद उजेड, मग प्रखर, ही युक्ती त्यालाच सुचली. हाडाचा कारागीर, गप्प बसवतंय थोडंच! आज ती करून बघायची होती. चकती शाबूत निघाली तर भट्टी कायमची बंद, आणि गुद्रुनची बदली दुसऱ्या इमारतीत. साहेबांनी तसं सांगूनच टाकलं होतं.

दिवे लागले, विझले. गुद्रुनने चिमट्याने चकती उचलली, फिरवून बघितली, टेबलावर हलकेच टाकली. खणखणीत वाजली. एकही तडा नाही.

"अरेरे," डेटलेफ म्हणाला.

गुद्रुनने चष्मा कपाळावर चढवला. "इतकी वर्षं राबलात, आणि अरेरे?"

"आता केक कोण आणणार?" त्याचे कान लालबुंद झाले होते. "म्हणजे, मला तुमच्याजवळ बसायला आवडतं, गुद्रुन. फार आवडतं. भट्टी गेली चुलीत."

गुद्रुनने चकती पुसून त्याच्या हातात ठेवली.

"माझ्या घरचा ओव्हन जुना आहे," ती म्हणाली. "केक व्हायला दुपार जाते. रविवारी या. आणि त्याच्यावर उजेडबिजेड पाडायला आलात, तर दारातूनच परत पाठवीन."