दोन्ही पंखांवर सारखाच

शेवटी त्याने सगळं कबूल केलं आणि त्याला बक्षीस मिळालं. पण तसं काही झालंच नाही असं धरून चाला. तो स्वतःही तसंच धरून चालतो.

तर, लढाऊ विमान आधी हातभर लांबीचं असतं. वर्कशॉपात त्याचं मॉडेल घडवतात, बोगद्यात टांगून त्यावर वारा सोडतात आणि वाऱ्याला पसंत पडलं तरच ते मोठं होतं. भिंतीवरच्या फळीवर अशा पिढ्या ओळीने बसल्या होत्या: आधी पंख्याची, मग पहिली जेट, मग मागे झुकलेल्या पंखांची. जुन्यांच्या पोटाखाली वर्कशॉपच्या मिस्त्रींच्या गुरूची सही, नंतरच्यांवर एकतीस वर्षं मिस्त्रींची: ‘आराखड्याबरहुकूम’.

नव्या विमानात वैमानिकच नव्हता.

“मग यात बसणार कोण?” मिस्त्रींनी विचारलं.

“कोणी नाही, काका,” त्यांच्या हाताखालचा शिकाऊ पोरगा म्हणाला.

“बरं झालं. उतरल्यावर शिव्या तरी खायला नकोत.”

हे मॉडेल पॉलिश करताना त्याच्या हातून निसटलं. उजव्या पंखाच्या मुळाशी खोक पडली. त्याने पुट्टी भरली, तर वाटाण्याएवढा उंचवटा राहिला. घासला की खोक पुन्हा दात दाखवायची. मग त्याने डोकं चालवलं आणि डाव्या पंखावरही हुबेहूब तसाच उंचवटा केला. एका बाजूला असला तर चूक, दोन्ही बाजूंना असला तर डिझाइन.

“मोजून पाहिलंस?”

“हो काका.”

मिस्त्रींनी त्याच्या शब्दावर सही ठोकली.

वाऱ्याला मॉडेल आवडलं. भलतंच आवडलं. नाक कितीही वर करा, वारा पंखाला सोडेना. मुख्य डिझायनर बाई मॉडेल कडेवर घेऊनच आल्या.

“मिस्त्री, हे दोन फुगवटे कसले?”

मिस्त्रींनी बोट फिरवलं. पुट्टी त्यांच्या बोटाला लगेच कळली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने फरशीकडे.

“आराखड्यात असतील.”

“आराखड्यात नाहीत.”

“मग माझी नजर चुकली,” मिस्त्री म्हणाले.

तो तिथेच उभा होता. तोंड होतं, तोंडात जीभही होती. मिस्त्रींचा सहीचा अधिकार काढला आणि त्यांना स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं.

नवव्या दिवशी तो बाईंसमोर गेला. “मॉडेल माझ्या हातून पडलं होतं. पुट्टी माझी, खोटंही माझंच.”

“किती उंचीवरून पडलं?”

“टेबलावरून.”

बाईंनी लिहून घेतलं. “पुन्हा पाडून दाखवशील?”

मोठ्या विमानावर ते उंचवटे भोपळ्याएवढे झाले. पुढे जे झालं ते धरायचं नाही असं ठरलंय. टाळ्या मात्र बराच वेळ वाजल्या.

टाळ्या संपल्यावर तो स्टोअरमध्ये गेला. “काका, मी सगळं सांगितलं.”

“ऐकलं, शास्त्रज्ञ. तुझा प्रामाणिकपणा फाइलला लागलाय. माझी नजरचूकही त्याच फाइलला आहे, पुढच्या पानावर.” मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं. “बस. चहा घेतोस?”

दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी त्याने अर्ज लिहिला.

“विषय: चुकीस चूक म्हणून मान्यता मिळणेबाबत. महोदय, सदर दोन्ही उंचवटे कोणताही विचार न करता, केवळ भीतीपोटी करण्यात आले असल्याने त्यांस शोध समजू नये. ते पंखांवरून उतरवण्यात यावेत. त्यामुळे विमान वाईट उडाल्यास हरकत नसावी. तसेच मिस्त्री यांची नजर चुकली नव्हती, अशी नोंद घेऊन त्यांची सही त्यांना सन्मानाने परत करण्यात यावी, ही नम्र विनंती.”