पाठीवरची काळी खूण

मित्रांनो, माझ्या पाठीला एक भोक आहे. मधल्या कप्प्यातली पुस्तके बाजूला केली की ते दिसते. लहान मुलाची मूठ आत जाईल एवढे मोठे आहे. नवीन आलेले प्रत्येक मूल त्यात हात घालून बघते आणि विचारते, हे उंदराने केले का? उंदीर बिचारे माझ्या वाटेला कधी गेले नाहीत. ते भोक माणसाने पाडले. कसे पाडले, ते मी तुम्हाला सांगणार आहे, कारण ज्या दिवशी ते पडले त्या दिवशी पिंपरीच्या संत तुकाराम नगरातले आमचे वाचनालय जवळजवळ संपले होते.

मी पुस्तकांचे कपाट म्हणून जन्माला आले नाही. चौसष्ट साली परदेशातून एक अवजड यंत्र बोटीने मुंबईला आले आणि तिथून ट्रकने इथल्या एका कारखान्यात पोचले. त्या यंत्राभोवतीचे देवदारी खोके म्हणजे मी. खोके उघडायला माणसे पहारी घेऊन आली. त्यांनी माझ्या सांध्यांत पहारी घुसवल्या आणि अंगाचा भार टाकला. खिळे किंचाळत बाहेर आले. माझ्या बाजू लाथांनी पाडल्या गेल्या, टोके फाटली, आणि आतल्या यंत्राला हार घालून सगळे निघून गेले. मी आवारात फळ्यांच्या ढिगात पडून राहिले. अंघोळीच्या बंबात जाळायला लोक रोज त्या ढिगातून फळ्या ओढून नेत.

माझी पाळी यायच्या आत दत्तोबाने मला पाहिले. दत्तोबा थेरगावचा, कारखान्यात सुतार होता.

"जाळाया लाकूड काय कमी हाय व्हय?" तो बरोबरच्या माणसाला म्हणाला. "ही फळी बघ. एक गाठ न्हाई हिला."

त्याने साहेबांना विचारून फळ्या मागून घेतल्या, हातगाडीवर घातल्या आणि घरी नेल्या. पुढे बरीच वर्षे मी त्याच्या पडवीत उभी होते, कांद्याच्या पोत्यांमागे.

आता मी कपाट कशी झाले ते ऐका. संत तुकाराम नगरातल्या आमच्या चाळीत तेव्हा एका खोलीत एक कुटुंब राहत असे. कोणी बीडकडचे, कोणी कोकणातले, कोणी साताऱ्याचे. रात्रपाळी करून आलेला बाप त्याच खोलीत दुपारी झोपायचा. मग मुलांना बाहेर काढत. मुले जिन्यात गोट्या खेळत, भांडत, ओरडत. झोपमोड झालेले बाप बाहेर येत आणि समोर दिसेल त्याला मारत. सगळ्यांत दांडगा होता साहेबराव. बीडकडचा माणूस, कारखान्यात घणाच्या खात्यात कामाला. त्याच्या कानात रात्रभर घण वाजत असे आणि दिवसा मुलांचा आवाज. एके दुपारी तो कमरेचा पट्टा काढून जिन्यात उतरला. पट्ट्याची पितळी कडी एका मुलाच्या कपाळावर बसली. जिन्याच्या पायऱ्यांवर रक्त ठिबकत गेले.

ते रक्त इंदुताईंनी पुसले. इंदुताई चाळीतल्या बालवाडीत शिकवत. त्यांनी मुलाच्या कपाळाला हळद लावली, साहेबरावाला काही बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी थेरगावला दत्तोबाकडे गेल्या.

"मुलांना नुसतं गप्प बसा म्हणून कोण ऐकतं?" त्या म्हणाल्या. "हातात काहीतरी द्यायला पाहिजे. मला पुस्तकांचं कपाट करून दे, दत्तोबा."

दत्तोबाने मला कापले, रंधा मारला, पुढे काचेची दारे बसवली. पण माझ्या पाठीच्या फळीवर, माल कोणासाठी ते कळावे म्हणून, इथल्या कारखान्याच्या कंपनीची मोठी काळी खूण छापलेली होती, चक्रात घण. इंदुताईंनी ती घालवायला सांगितली.

"तासली तर फळी कागदावानी व्हईल," दत्तोबा म्हणाला. "राहू द्या, ताई. भिंतीकडंच त्वांड हाय तिचं. कोण बघतंय?"

अशी मी बालवाडीच्या खोलीत, दाराला लागूनच्या भिंतीशी उभी राहिले. रोज दुपारी मुले यायची. सुरुवातीला चित्रांसाठी भांडायची, एकमेकांना चिमटे काढायची. महिनाभरात खोली अशी शांत झाली की पान उलटल्याचा आवाज मला ऐकू येई. त्या वर्षांत माझ्या काचेला किती नाके चिकटली असतील, सांगता येणार नाही. साहेबरावसुद्धा एकदा दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या कपाटानं झोप दिली आमाला."

पण त्याची मुलगी चित्रा पुस्तक घरी नेऊ लागली, आणि एका दुपारी चुलीशी बसून मोठ्याने वाचताना तिच्या पाठीत लाथ बसली. पुस्तक जिन्यातून खाली आले, पाने सुटून. चित्राने ती गोळा करून पिठाच्या खळीने चिकटवली. इंदुताई मात्र या वेळी साहेबरावाच्या दारात गेल्या.

"पुस्तक का फेकलंत?"

"झोपू देईना, बाई. बडबडायली होती."

"बडबडत नव्हती. वाचत होती."

"मला काय फरक कळतोय त्यात?" साहेबराव म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत हे सांगताना चित्रा रडली नाही. इंदुताईंचेच डोळे भरून आले.

मग एकोणऐंशी सालचा संप आला. महिन्यामागून महिने कारखान्याचे फाटक बंद राहिले. घराघरांतली तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली. लोक भाकरीबरोबर मीठ खाऊ लागले. कार्यालयातले कारकून तेवढे पोलिसांच्या गाडीतून कामावर जात. त्यांतला मुकुंद आमच्याच चाळीत राहत होता. त्याची मुलगी मृदुला आणि चित्रा माझ्यासमोर एकाच सतरंजीवर बसून वाचत. त्यांच्या बापांनी मात्र एकमेकांकडे बघणे सोडले होते. एका सकाळी मुकुंदाच्या दाराला कोणीतरी शेण फासले. दुसऱ्या दिवशी खिडकीतून दगड आला आणि पाळण्याच्या दांडीवर आदळला. तरी मुकुंद जातच राहिला. भीती त्यालाही वाटत होती, पण घरात म्हातारी आई आजारी होती.

माझ्या पाठीला भोक पडले त्या दुपारी कारकुनांची गाडी चाळीच्या तोंडाशी अडवली गेली. आधी दगड, मग लाठ्या. गाडीतल्या दोन शिपायांचे घोळक्यापुढे काही चालले नाही. मुकुंद उडी टाकून पळाला. त्याच्यामागे घोळका लागला. घरापर्यंत पोचणार नाही हे त्याला कळले आणि तो आमच्या खोलीत घुसला. त्याच्या डोक्यातून रक्त वाहत होते. सतरंजीवर मुले बसली होती, त्यांत मृदुला होती आणि चित्राही. चित्राला बापाने रॉकेलच्या रांगेत पाठवले होते. रांग हलेना, म्हणून डबा रांगेत ठेवून ती वाचायला आली होती.

इंदुताईंनी कडी लावली. पण ते दार पातळ होते. पहिल्याच लाथेला त्याची फळी फुटली.

"कपाट ढकला," इंदुताई म्हणाल्या.

त्यांनी, मुकुंदाने आणि मुलांनी मिळून मला फरशीवरून सरकवले. पुस्तकांनी भरलेले माझे सारे वजन दाराला जाऊन भिडले. बाहेरच्यांनी दार फोडून तुकडे उपटून काढले. आणि समोर काय दिसले असेल त्यांना? माझी पाठ. आणि पाठीवर ती मोठी काळी खूण.

साहेबराव सगळ्यांत पुढे होता. मित्रांनो, त्याला अक्षर वाचता येत नव्हते. पण ती एक खूण ओळखता येत होती. ती त्याच्या बिल्ल्यावर होती, फाटकावर होती, संपात त्याला कामावरून हाकलले त्या कागदावर होती.

"कंपनीचं हाय हे," तो मागच्यांना म्हणाला. "बालवाडीची खोली कारकुनांला दिलीय कंपनीनं. बगा, शिक्का मारलाय."

"फोडा मग," मागून कोणीतरी म्हणाले.

आतून इंदुताई सांगत होत्या, मुले आहेत, मुले आहेत. दगडांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. दगड सुरू होताच मुले घरी पळाली असतील, असेच बाहेरच्यांना वाटले असावे. साहेबरावाने पहार उचलली. घणाच्या खात्यातला हात होता तो. पहिल्या घावाने माझी फळी चिरली. दुसऱ्याने ती फुटली. पुस्तकांनी तो घाव झेलला. जाड पुठ्ठे चिरडले, पण पहार अडली. तेव्हा साहेबरावाने ती आडवी धरली आणि सगळी ताकद लावून भोसकली.

पहार माझ्या पाठीतून शिरली, पुस्तके ढकलत काच फोडून बाहेर आली. पलीकडे चित्रा दोन्ही हातांनी माझी दारे दाबून उभी होती.

तिची किंकाळी मी अजून विसरले नाही. मुलीची किंकाळी बापाला ओळखू आली. पहार त्याच्या हातातून सुटून माझ्यातच लोंबत राहिली. त्याने मला खांद्याने बाजूला लोटले आणि मी आडवी कोसळले, पुस्तकांच्या आणि काचांच्या ढिगावर. चित्रा खाली बसली होती. उजव्या हाताची बोटे चेचली होती, डाव्या तळव्यात काचा रुतल्या होत्या. मुकुंद, ज्याला मारायला ते आले होते, स्वतःच्या सदऱ्याच्या पट्ट्या फाडून तिचा हात बांधत होता. त्याचे रक्त तिच्या केसांवर ठिबकत होते.

साहेबराव म्हणाला, "तू रॉकेलच्या रांगेत व्हतीस ना?"

एवढेच तो बोलला. मग पोलीस आले.

त्यानंतर खोलीला कुलूप लागले. मी तशीच पडून राहिले. पुस्तकांवरचे रक्त वाळून पाने एकमेकांना चिकटली. पावसाळ्यात ओल चढली, बुरशी आली. पहारीच्या घावापेक्षा तो एकांत मला जास्त झोंबला. संप मिटला, साहेबराव तुरुंगातून सुटून आला, पण चाळीची दोन टोके झाली. एका टोकाच्या बायका दुसऱ्या टोकाच्या नळाला जाईनात. मुकुंदाची बायको सुमेधा म्हणाली, "त्या खोलीत आमची मृदुला पुन्हा पाय ठेवणार नाही." तिचे काय चुकले? आणि मुलेच येणार नसतील तर नुसत्या कपाटाला वाचनालय कोण म्हणेल?

एके दिवशी इंदुताईंनी कुलूप काढले. दत्तोबाने येऊन मला उभे केले, काचा बसवल्या, आणि फळी पातळ झाली तरी या वेळी पाठीवरची खूण तासून काढली. भोकावर तो फळी ठोकणार होता. इंदुताईंनी थांबवले. "राहू दे. मुलं विचारतील, तेव्हा सांगता येईल," त्या म्हणाल्या. पण विचारायला एकही मूल आले नाही. रोज दुपारी इंदुताई खोली उघडून एकट्या बसत.

मग एका दुपारी दारात साहेबराव उभा राहिला. बरोबर चित्रा. तिच्या उजव्या हाताची बोटे वळत नव्हती, काचा रुतलेला डावा तळवा नीट उघडत नव्हता.

"पुस्तक पायजे म्हणती," तो खाली बघत म्हणाला. "धरता येत नाय तिला."

"तुम्ही धरा मग," इंदुताई म्हणाल्या.

"मी? मला कुठं येतंय, बाई?"

"धरायला यायला काय लागतं?"

तो सतरंजीवर मांडी घालून बसला. ते राठ हात पुस्तक असे धरून होते, जणू तापलेले लोखंड. चित्रा वाचू लागली. ओळ कुठे संपते ते त्याला कळत नव्हते, म्हणून तो मध्येच पान उलटायला जाई.

"अजून नाही, आबा. खाली आहे अजून."

"आता?"

"आता उलटा."

दारात सावली पडली. सुमेधा होती, मृदुलाचा हात घट्ट धरलेली. ती बहुधा नळावरून परत जात होती. तिला बघताच साहेबरावाने पुस्तक खाली ठेवले आणि तो उठू लागला.

"बसा ना, आबा," चित्रा म्हणाली. "पान राहिलंय."

तो अर्धवट उठलेला तसाच थांबला. सुमेधाकडे बघायची त्याची छाती झाली नाही. सुमेधाची नजर चित्राच्या न वळणाऱ्या बोटांवर गेली. मग तिने मृदुलाचा हात सोडला.

"जा," ती मृदुलाला म्हणाली. "पण चित्राच्या बाजूने बस."

मृदुला चित्राला चिकटून बसली. साहेबरावाने पुस्तक पुन्हा उचलले, आणि या वेळी दोघींना दिसेल असे धरले.

मित्रांनो, मला पुसत जा, वाळवीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. तुमच्या घरात, तुमच्या जिन्यात एखादा असा माणूस असेल, ज्याला पुस्तकातले काहीच वाचता येत नाही. त्याला शेजारी बसवा. त्याच्या हातात पुस्तक द्या. तुम्ही वाचा, आणि पान उलटायचे काम त्याला करू द्या.