दोघांची खोली

हॉटेलात कामाला लावून दिलेल्या माणसाची वाट बघत कुसुमावती मॉरिशसमधल्या तेर रूज गावच्या बस थांब्यावर उभी होती. दोन बस गेल्या, तरी सत्यदेवचा पत्ता नव्हता.

सन पंचाहत्तरच्या वादळात ज्यांची घरं उडाली आणि पुन्हा उभी राहिली नाहीत, अशा बाराजणांना गावातल्या सेवा मंडळाच्या सभागृहात ती स्वयंपाक शिकवायची. मागच्या जमिनीच्या तुकड्यात भाजीपाला लावून घ्यायची. सत्यदेव त्यातलाच, पन्नाशीचा. बायको बसंती रिव्हिएर दू रांपार गावी भावाकडे राहत होती. हा मात्र मेव्हण्याच्या दारात जायचं नाही म्हणून सहा महिने याच थांब्याच्या बाकावर झोपला होता. त्याच्यासाठी कुसुमावतीने हॉटेलच्या मॅनेजरला चारदा गाठून मुदपाकखान्यातलं काम मिळवलं होतं, राहायच्या खोलीसकट.

शेवटी ती मंडळात परतली. सत्यदेव मागे वालाचे वेल बांधत होता. तिने आवाज चढवला. हॉटेलात तिचा शब्द खोटा पडला, हे त्याला कळतं का, असं विचारलं. तो शांतपणे सुतळीला गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "काल जाऊन पाहिली मी खोली. एका माणसाची आहे. सोबत बायको ठेवायची मनाई आहे."

"मग हे मला काल का नाही सांगितलंस?"

"मिस, तुम्ही बसची वेळ सांगत होता."

कुसुमावतीला हसावं की रडावं कळेना. ती जागा तिने दुपारीच वर्गातल्या चंपाला दिली. चंपा एकटी होती, ती निमूट गेली.

पुढचे पंधरा दिवस कुसुमावती शेतमळेवाल्यांकडे विचारत फिरली. शेवटी हरिप्रसाद नावाचा एकजण भेटला. त्याला भाजीच्या मळ्यावर जोडपं हवं होतं, आणि मळ्यात दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिने आनंदाने सत्यदेवला सांगितलं. त्याने विचारलं, मळा कुठे? रिव्हिएर दू रांपारला, ती म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली. तिथे मेव्हणा रोज दिसणार.

त्या दिवशी तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं. शनिवारी बस धरून ती थेट बसंतीकडे गेली. बसंतीने ऐकून घेतलं आणि मळ्यात पाणी कुठून येतं एवढंच विचारलं. विहीर आहे कळल्यावर ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी गुरुवारी तिथे असेन. यायचं तर यावं."

निरोप ऐकून सत्यदेवने हातातली सुतळी गुंडाळून ठेवली. मग सदरा धुवायला गेला.

गुरुवारी कुसुमावतीही मळ्यावर पोचली. मेव्हण्याने पलंग आणून टाकला होता. सत्यदेव त्याच्याकडे न बघता तिला सांगत होता की हरिप्रसादने वांग्याची रोपं फार दाट लावलीत, अर्धी उपटावी लागतील.

"पहिल्याच दिवशी मालकाला हे सांगू नकोस," ती म्हणाली.

"सकाळीच सांगितलं," तो म्हणाला.

बसंती आत चूल पेटवत होती. कुसुमावतीने कपाळाला हात लावला आणि चहाला न थांबता चारची बस धरली.