बदल कोणी केला

सकाळी साडेदहाला पतसंस्थेच्या कंधार शाखेचं नेटवर्क बंद पडलं. नांदेडहून नेटवर्क सांभाळणाऱ्या लुबनाने रात्री आपोआप झालेल्या बॅकअपमधून राउटरच्या आधीच्या सेटिंग परत चढवल्या आणि शाखा सुरू केली. ज्या बदलामुळे नेटवर्क पडलं, तो सेटिंगच्या कोणत्या ओळीत कधी झाला, हे प्रणालीने नोंदवलं होतं. बदलणाऱ्याचं नाव होतं ‘अ‍ॅडमिन’, आणि त्या एकाच नावाने पाच जण काम करत.

लातूरहून मुख्य कार्यालयातल्या भागवत साहेबांचा फोन आला. “मॅडम, नोटीस तुमच्या नावानं काढायलोय. कंधार तुमच्याकडं हाय.”

“सर, प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, असं मी कितीदा लिहिलं.”

“इतके पासवर्ड कोण ध्यानात ठेवणार?”

“मग नोटीस पाचही जणांना काढा. त्यात तुम्हीपण आहात.”

साहेबांनी फोन ठेवला. संध्याकाळी नोटीस आली, फक्त लुबनाला. बदल आपण केला, असं बाकी चौघांपैकी तोवर कोणीही कबूल केलं नव्हतं.