अवदसेची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची बसण्यासाठी असते हे तुम्हाला मी काय सांगावं? माझं नशीब मात्र उफराटं. उमेदीच्या सगळ्या वर्षांत माझ्यावर सहजासहजी कोणी बसायचं नाही, हाच माझा मान होता.

सुताराने मला चारचौघींसारखंच घडवलं. राज्याच्या अर्थखात्यात एका लांब टेबलाभोवती आम्हा बहिणींना मांडलं. तिथे दरवर्षी अंदाजपत्रक ठरे. अंदाजपत्रक म्हणजे येत्या वर्षी राज्याला पैसा किती मिळेल आणि तो कशावर खर्च होईल, याचा आधीच बांधलेला हिशेब. एका वर्षी तो सपशेल चुकला. कर जमलेच नाहीत, तिजोरीत खडखडाट झाला आणि शिक्षकांचे, परिचारिकांचे पगार थकले.

पुढे एक तिरसट सचिव आले. त्यांनी मला टेबलाच्या टोकाशी ओढलं आणि म्हणाले, "ही खुर्ची वाईट वर्षाची. बैठकीला तेही हजर आहे असं धरून चला." तेव्हापासून रीत पडली. एरवी मी रिकामी. पण शेवटची सही होण्याआधी कोणीतरी माझ्यावर बसायचं आणि वाईट वर्ष होऊन बोलायचं. त्याला विचारतील ते त्याने खरं सांगायचं, आणि माझ्यावर बसून बोललेलं नंतर कोणाच्या अंगाशी येऊ द्यायचं नाही. शिपाईमामा मला 'अवदसेची खुर्ची' म्हणत आणि पुसताना फडकं लांबूनच फिरवत. मला राग यायचा नाही. उलट, थोडा तोराच होता मला.

सचिव निवृत्त झाले. रीत उरली ती अंदाजवाल्या ताईंमुळे. जमाखर्चाचे अंदाज बांधणाऱ्या म्हणून त्यांचं हे नाव पडलेलं. पगार थकले त्या वर्षी ताई शाळेत शिकत होत्या आणि त्यांची आई सरकारी शिक्षिका होती. किराणावाला आला की आई दाराआड उभी राहायची आणि ताईंना पुढे करून म्हणायला लावायची, "आई घरी नाहीये." हे ताईंनीच एकदा शिपाईमामांना सांगितलेलं मी ऐकलं आहे.

आता त्या दिवसाचं सांगते. तो आठवला की अजून माझे सांधे करकरतात.

मंत्री नवे होते. माणूस दिलखुलास. संकटासाठी बाजूला ठेवलेला राखीव निधी काढून त्यांना मुलांचं रुग्णालय बांधायचं होतं. हेतू वाईट असता तर सोपं होतं हो, पण हेतू चांगलाच होता. ताईंना धास्ती होती ती वेगळीच. पाणीपुरवठा मंडळाने नव्या जलवाहिनीसाठी मोठं कर्ज काढलं होतं आणि राज्याने त्याला हमी दिली होती. हमी म्हणजे 'याने फेडलं नाही तर मी फेडीन' असा शब्द. शब्दाला त्या दिवशी पैसे पडत नाहीत, म्हणून तो खर्चात कोणी धरतच नाही.

मंडळाचे अध्यक्ष उशिरा आले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. रुमालाने कपाळ पुसत ते सरळ माझ्यावरच बसले!

ताईंचं पेन थांबलं. "साहेब, ती खुर्ची..."

"असू द्या हो ताई, खुर्चीच आहे ती," मंत्री हसले. "आज ते नाटकही नको. निधी रुग्णालयाला, ठरलं ना?" त्यांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

"ठरायच्या आधी त्या खुर्चीने बोलायचं असतं. अध्यक्ष बसलेच आहेत, तर त्यांनाच बोलू द्या."

मंत्र्यांनी आवाज खाली आणला. "ताई, बदल्यांच्या याद्या अजून निघायच्या आहेत."

"माहीत आहे साहेब."

त्या म्हणाल्या आणि त्यांनी मंडळाच्या कर्जाची फाईल पुढ्यात ओढली.

अध्यक्ष मोठ्याने हसले. "बरं बाबा, मी वाईट वर्ष! घाबरा सगळे!" सगळे खो खो हसले. मी हसले नाही. त्यांचे तळवे माझ्या हातांवर ओले झाले होते आणि टाच माझ्या पायावर सारखी आपटत होती.

ताईंनी विचारलं, "तुम्ही आलात, तर मंडळाच्या कर्जाचं काय होईल?"

"हप्ता..." ते खाकरले. "हप्ता भरता येणार नाही."

"मग कोण भरेल?"

"राज्य. हमी आहे ना तुमची."

"आणि तुम्ही येणार कधी?"

अध्यक्षांनी माझे हात घट्ट धरले. "मी आलोय," ते म्हणाले. "काम मध्येच अडकलंय. पुढचाच हप्ता निघत नाहीये. कधीपासून सांगेन सांगेन म्हणतोय, तोंडच उघडत नव्हतं."

मंत्री रागावतील, ओरडतील, असं वाटून मी अंग चोरून उभी होते. पण त्यांनी पेनाला टोपण लावलं. "निधी राहू द्या जागेवर."

हप्ता खरंच राज्याच्या गळ्यात पडला. राखीव निधीतून तो भरला गेला आणि पगार वेळेवर झाले. रुग्णालय लांबलं, त्यावरून लोकांनी मंत्र्यांना बोल लावले. ताईंची बदली झालीच. त्यांचे कोणी आभार मानले नाहीत, कारण वेळेवर झालेल्या पगाराची बातमी होत नाही. जाताना त्या माझ्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

पुढे दालन नवं झालं. गुबगुबीत खुर्च्या आल्या, जितकी माणसं तितक्याच खुर्च्या. मी बाहेर बोळात आले. माझ्यावर खोकी रचली गेली, एक पाय खिळखिळा झाला.

आज आत पुन्हा बैठक आहे. नव्या पुलाच्या कर्जाला हमी द्यायची चालली आहे. दाराआडून हसणं ऐकू येतंय. एवढ्यात शिपाईमामा बाहेर आले, आता पार म्हातारे झालेत. आत एक खुर्ची कमी पडत होती. त्यांनी माझ्यावरची खोकी उतरवली. माझा जीव आनंदाने नुसता हरखून गेला. त्यांनी माझा पाय हलवून पाहिला आणि मान हलवली.

"नको. मोडली आणि कोणी पडलं तर?"

खोकी पुन्हा माझ्यावर चढली. मित्रांनो, माझी डागडुजी केली नाहीत तरी चालेल. पण मामांचा तो 'मोडली तर?' हा प्रश्न बोळात माझ्यापाशी सोडू नका. कोणीतरी तो आत घेऊन जा हो, पुलाच्या हमीवर सही व्हायच्या आधी.