अंगठा

लेक सृष्टी वर्षाची झाली आणि ऋतिका पुन्हा हिंजवडीच्या ऑफिसात जाऊ लागली. नवरा कामासाठी चेन्नईला. जवळच्या नेरे गावात वरच्या भाड्याच्या खोल्यांत त्या दोघी मायलेकी, खाली घरमालकीण सारजाबाई. पोरगी दिवसभर त्यांच्याकडेच. पहिल्या आठवड्यात सारजाबाई पोरीच्या शिंकेलाही फोन करायच्या, की झालं, चालू मीटिंग तिथंच आडवी.

"मावशी, फोन नको," ऋतिका शेवटी म्हणाली. "दर तासाला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. चांगलं-वाईट सगळं त्यातच सांगा."

"बरंय की. तुज्या सायबाच्या शिव्या तरी वाचतील."

ऑफिसातला प्रोग्रामही तिनं असाच बदलून घेतला होता. चूक झाली म्हणून सगळं काम थांबवायचं नाही. उत्तराबरोबर चूकही परत द्यायची, मागणाऱ्यानं ती तपासायची. आज दुपारी शेजारच्या टेबलावरच्या रोहितचा कोड बघून ती वैतागली.

"फंक्शननं एरर परत दिलीय, आणि तू न बघता पुढे?"

"अगं, तिथे कधी येतच नाही एरर."

"उघडून बघितलंस कधी?"

"बाई, आज कुणाशी भांडून आलीस?"

तेवढ्यात मोबाइल थरथरला. सारजाबाईंचा निरोप. सवयीनं तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं, आणि बोट तिथंच थबकलं. सकाळपासूनचे चार निरोप. एकही ऐकलेला नाही. चारही निरोपांखाली तिचा अंगठा.

निरोप ऐकायला ती जिन्यात धावली.

दहाचा: "खेळतीया."

अकराचा: "दूध वकलं गं. पन हाय बरी."

बाराचा: "अंग लई तापलंय. दवाखान्यात न्हेऊ, का तू येतीयास? येत आसशील तर अंगठा दे."

खाली अंगठा.

आत्ताचा: "निघालीस न्हवं? पोर डोळंच उघडंना. तू अंगठा दिलास म्हनून थांबलीया मी. दारातच बसलीया बग."

त्याखालीही अंगठा.

घराच्या वाटेवर, मारुंजीच्या अलीकडे तिची रिक्षा डंपरांमागे अडकली. ऋतिका फोन लावत होती. तिकडे वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मग तिनंही बोलून पाठवलं, "मावशी, न्या तिला, आत्ता न्या, माझी वाट बघू नका."

दोन करड्या खुणा उमटल्या. निरोप पोचला होता. त्या निळ्या कधी होतात, ते ती बघत राहिली.